साडेतेवीस सेंटिमीटर

अक्षताच्या कुर्त्याच्या उजव्या बाहीची शिवण काखेच्या दोन बोटं खाली चार मिलिमीटर उसवली होती. धागा तुटला नव्हता. नुसता ताणला गेला होता, आणि दोन टाक्यांच्या मधून आतली कातडी दिसत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दर्शनानं ती लांबूनच मोजली. प्रयोगशाळेत दिवसभर ब्युरेट या काचनळीवरच्या बारीक रेघा वाचून डोळ्यांना ती खोडच लागली होती. शनिवारची सकाळ होती. मुलुंड पूर्वेच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जिममध्ये दोघी जावा चपला काढून बूट चढवत होत्या. खालच्या फरसाणाच्या दुकानातल्या पहिल्या घाण्याचा वास जिन्यातून वर येत होता, आणि अक्षता एका पायावर तोल सांभाळत म्हणत होती, "ताई, बघा ना, हा पण गेला. दिवाळीतला. सगळे कुर्ते दंडात अडकायला लागलेत यार." शब्द तक्रारीचे होते, पण तक्रार करणाऱ्या माणसाचा चेहरा असा उजळलेला नसतो. दर्शना "हो का?" म्हणाली आणि बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. तिच्याही अंगावर त्याच दिवाळीतला, त्याच दुकानातला कुर्ता होता. त्याच्या बाहीत अजून दोन बोटं सहज जात होती.

त्या दिवशी मापं घ्यायची होती. बारा आठवडे झाले की दंड मोजायचा, त्याआधी आरशासमोर उभं राहायचं नाही, असं चेतनानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चेतना म्हणजे जिममध्ये बायकांना शिकवणारी, भांडुपची. एकेकाळी कबड्डी खेळलेली, आता चाळिशीची, डाव्या गुडघ्यावर जुना लांबट व्रण असलेली. तिनं अक्षताच्या दंडाला टेप लावला. "सव्वीस! चोवीसवरून सव्वीस. वा गं वाघिणी." मग दर्शनाच्या. "साडेतेवीस." दर्शना म्हणाली, "टेप सैल धरलाय का? पुन्हा घ्या." चेतनानं पुन्हा घेतलं. दर्शनानं तिसऱ्यांदा घ्यायला लावलं, कारण तीन वाचनांची सरासरी काढल्याशिवाय तिचा कुठल्याच आकड्यावर विश्वास बसत नसे. साडेतेवीस, साडेतेवीस, साडेतेवीस. बारा आठवड्यांपूर्वी होता तोच. इतकं नेमकं उत्तर तिला प्रयोगशाळेत मिळालं असतं तर ती खूश झाली असती.

"खाताय ना ताई?"

"खातेय. रोज पंचाहत्तर ग्रॅम प्रोटीन. सगळं लिहिलंय." तिनं पिशवीतून वही काढली. वजन सत्तेचाळीस किलो, गुणिले एक पूर्णांक सहा. रोजची तारीख, डाळ, अंडी, दही, शेंगदाणे, बेरीज. चेतनानं चार पानं उलटली. "वही झकास आहे. पण दंड वहीचे वाढलेत ताई, तुमचे नाही." अक्षता खळखळून हसली, आणि दर्शनाही हसली, कारण विनोद चांगला होता. मग चेतना हळूच म्हणाली, "पहिल्या पंगतीला बसायला लागलात का?"

"सांगणारेय घरी."

"बारा आठवडे झाले."

हे वाक्य दर्शनाला घरी जाईपर्यंत पुरलं. अक्षता शेजारून चालत होती, केळं सोलत, वाटेतल्या ओळखीच्या कुत्र्याशी बोलत. तिच्या हाताच्या प्रत्येक झोक्याबरोबर ती चार मिलिमीटरची फट उघडत होती, मिटत होती. दर्शनाला वाटलं, आपण हिच्या मागे चालावं, म्हणजे दिसणार नाही. मग वाटलं, पुढे चालावं. शेवटी ती मागेच राहिली आणि सगळा रस्ता ती बाही बघत आली. घशात काहीतरी तुरट साचलं होतं, न पिकलेलं बिब्ब्याचं फूल चाखल्यासारखं. हे काय आहे ते तिला कळत होतं. कळण्यानं ते कमी होत नव्हतं.

जिमला जायचं ठरवलं होतं तिनं. अक्षता नुसती मागून आली होती, "मी पण येते ताई, टाइमपास." दर्शनाचा तो टाइमपास नव्हता. तिची आई घाटकोपरच्या घरी मोरीत पडली तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं, डॉक्टर म्हणाले आता उभं करा. चादर बदलताना नर्सनं आईचा पाय उचलून धरला आणि दर्शनाला तिची मांडी दिसली. ती मांडी नव्हतीच, कातडीच्या पिशवीत ठेवलेलं हाड होतं. जन्मभर जी बाई दोन कळशा घेऊन तीन जिने चढली तिच्या अंगावरचं ते सगळं कधी गेलं, कुणी नेलं? दोन माणसांनी काखेत धरून उभं केलं तर आई म्हणाली, "उठायचं तर आहे गं मला, पण हा पाय माझं ऐकतच नाही." सात महिने ती तसंच म्हणत राहिली, मग म्हणायची थांबली. आई पडली त्यानंतर तेराव्या महिन्यात एकदा आंघोळ करताना दर्शनानं सहज आपला दंड अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरला. चिमटीत नुसती कातडी आली. बादलीतलं पाणी गार होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. ती त्रेचाळीस वर्षांची होती, म्हणजे अठरा वर्षं हातात होती. वजाबाकी सोपी होती.

चेतनानं पहिल्या दिवशी सांगितलेलं तिला अक्षरशः पाठ होतं. नवा माणूस पहिल्या आठवड्यात सगळं उचलतो आणि दुसऱ्या आठवड्यात घरी बसतो, म्हणून आठवड्यातून तीनच दिवस यायचं. आधी खुर्चीवर बसून उठायला शिकायचं, मग हातात वजन घेऊन. एक वजन नीट बारा वेळा उचलता आलं की मगच पुढचं, तेही किलोभरच. झोप सात तास. "आणि एक लक्षात ठेवा, वजन उचलून स्नायू वाढत नाही. वजन उचलून तो नुसता पत्र लिहितो, की माल पाठवा. माल ताटातून जातो. घरी जेवता किती वाजता?" अक्षता म्हणाली, "साडेआठ." दर्शना म्हणाली, "पावणेदहा." चेतनानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं होतं. "एकाच घरातल्या ना तुम्ही?"

एकाच घरातल्या. दोन खोल्या आणि हॉल, सहा माणसं. सासरे भीमराज, ज्यांना सगळे आबा म्हणत; सासूबाई सुंदराबाई; दर्शनाचा नवरा प्रितम; दीर आकाश आणि त्याची दोन वर्षांपूर्वी आलेली बायको अक्षता. दर्शनाचा मुलगा मिहिर नागपूरला हॉस्टेलवर होता. हॉलमध्ये जेवणाचं टेबल होतं, त्याला चार खुर्च्या. तीन खुर्च्यांवर तीन पुरुष बसत आणि चौथीवर जुने पेपर आणि इस्त्रीचे कपडे. सुंदराबाई आणि दर्शना मागून जेवत, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून किंवा खाली फतकल मारून. असं कर म्हणून दर्शनाला कुणीही, कधीही सांगितलं नव्हतं. आबांनी तर तिची एम.एस्सी.ची पदवी चौकटीत घालून हॉलमध्ये लावली होती, आल्या-गेल्याला ते ती दाखवत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापणाऱ्या सुंदराबाईंचा हात दुखताना दिसला म्हणून तिनं आपण होऊन पीठ पुढ्यात ओढलं होतं, एवढंच. भाकरी तव्यावरून ताटात गेली पाहिजे, म्हणजे कुणीतरी तव्यापाशी उभं राहिलं पाहिजे. ते कुणीतरी सोळा वर्षं ती होती. त्यात तिला अन्याय दिसला नव्हता, उलट एक प्रकारची शानच वाटत आली होती. आणि अक्षता लग्नानंतर दुसऱ्याच संध्याकाळी ऑफिसातून आली, हातपाय धुतले, चौथ्या खुर्चीवरचे पेपर उचलून टीव्हीखाली ठेवले, कपडे सोफ्यावर टाकले आणि बसली. "भूक लागलीय जाम," म्हणाली. आबांनी भाजीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. खुर्ची इतकी सहज रिकामी होण्यासारखी होती, हे स्वयंपाकघराच्या दारातून बघताना दर्शनाच्या हातातली भाकरी एका बाजूनं काळी पडली होती.

तेव्हा तो मत्सर होता का? तिनं तेव्हा त्याला नाव दिलं नव्हतं. आता बाहीच्या शिवणीमुळे ते मागचंही सगळं उलगडत गेलं. अक्षताचं न्हाणीघरातलं गाणं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन ती एका हातानं उचलून स्टँडवर ठेवायची ते, आणि त्यावर प्रितमचं ओरडणं, "आकाश, सांभाळून रे बाबा, भांडणबिंडण करू नकोस हिच्याशी!" रविवारी सुंदराबाईंनी लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण दोनदा फिरवून बघितलं, नजर वर केली, आणि दर्शना शेजारी उभी असताना तिला ओलांडून म्हणाल्या, "अक्षे, ये गं, तुझ्याच्यानं निघंल." टक् आवाज करून झाकण निघालं. सोळा वर्षं ती बरणी दर्शना उघडत आली होती. कुणी तिच्या हातून काही घेतलं नव्हतं, नुसती नजर तिच्यावरून पुढे गेली होती. त्या रात्रीच्या भाकऱ्या तिनं अशा थापल्या की परात ओट्यावरून सरकत भिंतीला लागली.

सोमवारी तिनं ते पहिल्यांदा केलं. टेबलावर सगळे बसले होते. वाट्या भरायची ती स्वयंपाकघरातच. चौघांच्या वाट्या भरून झाल्यावर तिनं अक्षताची अर्धी वाटी पातेल्यात परत ओतली, तेवढंच किटलीतलं गरम पाणी तिच्यात घातलं, चिमूटभर मीठ, आणि चमच्यानं हलवून ती इतरांच्या वाट्यांमध्ये ठेवली. दिसायला जवळपास सारखीच. शनिवारपासून पहिल्यांदा घशातला तो तुरटपणा गेला. अक्षता बोलत बोलत जेवली, ऑफिसातल्या कुठल्या साहेबाची नक्कल केली, सगळे हसले. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारी मात्र दर्शनाच्या मनात आलं की आपण हिच्या ताटातून रोज नक्की किती काढून घेतो आहोत? चोरी करायची तर तिचं मापही माहीत असायला हवं. हा विचार तिला विचित्र वाटला नाही. तिनं दोन छोट्या बाटल्या घेतल्या. एकीत अक्षताच्या वाटीतलं वरण, आणि मागून सगळ्यांचं झाल्यावर स्वतः जेवायला बसली तेव्हा दुसरीत आपल्या वाटीतलं. तुलनेला काहीतरी हवंच. झाकणांवर चिकटपट्ट्या लावून "अ" आणि "द" लिहिलं आणि बाटल्या फ्रीजमध्ये भाजीमागे ठेवल्या.

पवईच्या बाजूला एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं होती. बिस्किटं, दुधाची भुकटी, जिमवाल्यांचे ते मोठमोठे प्रोटीनचे डबे, सगळ्यांतलं खरं प्रोटीन किती हे काढणं तिचं काम. डब्यावर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही; नमुना घ्यायचा, आम्लात उकळून सगळ्याचं काळं पाणी करायचं, ते निवळेपर्यंत थांबायचं, मग ऊर्ध्वपातन, मग ब्युरेटमधून थेंब थेंब; जितके थेंब कमी, तितकं प्रोटीन कमी. गुरुवारी यंत्रात दोन जागा रिकाम्या होत्या. तिथे तिनं आपल्या दोन नळ्या बसवल्या. दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा ती एकटीच होती. हिरव्या द्रावणात एकेक थेंब पडत होता. "अ" चा रंग उडाला आणि फिकट गुलाबी झाला तेव्हा तिनं रेघ वाचली. मग "द". जेमतेम निम्मे थेंब पडले आणि लगेच रंग पालटला. तिला वाटलं, आपलं चुकलं. ब्युरेट पुन्हा भरून तिनं उरलेल्या अर्ध्या भागावर पुन्हा केलं. तितकेच थेंब.

अक्षताच्या वाटीत प्रोटीन शंभराला तीन पूर्णांक एक. तिच्या स्वतःच्या वाटीत एक पूर्णांक सात.

ती स्टुलावर बसली. ज्या वाटीत तिनं मुद्दाम, मत्सरानं, मोजून पाणी घातलं होतं, ती वाटी तिच्या रोजच्या वाटीपेक्षा जवळजवळ दुप्पट घट्ट होती. वहीत लिहिलं होतं एका वाटीला आठ पूर्णांक आठ ग्रॅम: दोनशे चाळीस ग्रॅम तूरडाळ, तिच्यातलं प्रोटीन भागिले सहा. कुकर लावताना काढलेला हिशोब. मग पाणी कुठून आलं? तिनं डोळे मिटले आणि आपल्याच हातांकडे बघितलं. आबांना दुसऱ्यांदा वरण, प्रितमला दुसऱ्यांदा, आकाशला भातावर, अक्षता "ताई थोडं" म्हणते ते. पातेल्याचा तळ दिसू लागतो. मागे दोन बायका जेवायच्या असतात. आणि हात आपोआप पाण्याच्या पेल्याकडे जातो, पेला पातेल्यात रिकामा होतो, मीठ, एक उकळी. "पाणी घातलं की पुरतं," सुंदराबाईंनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या सासूनं, जालन्याकडच्या गावी, जेव्हा खरंच पुरत नव्हतं तेव्हा. आता डाळीच्या डब्यात पाच किलो डाळ होती. रोज प्रयोगशाळेत नमुन्यात किती पाणी घातलं ते लिहिल्याशिवाय ती पुढचं पाऊल टाकत नसे, आणि घरी सोळा वर्षं हा पेला तिनं कुठेच लिहिला नव्हता. अंडीही तशीच. सहा उकडली की वहीत आपली दोन. पण त्यांतलं एक प्रितमच्या डब्यात जायचं, ते तिनंच घातलेलं असायचं. तिनं सगळं चुलीपाशी मोजलं होतं. तोंडापाशी काहीच मोजलं नव्हतं. आईनंही असाच पेला ओतला असेल, रोज एक. ती मांडी कुणी नेली नव्हती. ती थोडी थोडी सगळ्यांना वाढली गेली होती.

बस जिमच्या थांब्यावर आली तेव्हा ती उतरली नाही. घरी गेली, कुकर उघडला, फोडणी दिली, भाकरीचं पीठ मळलं. हात नेहमीसारखेच चालत होते आणि ती त्यांच्याकडे परक्याच्या हातांकडे बघावं तसं बघत होती. पावणेआठला अक्षता आली, "ताई, आज दांडी? चेतना मॅडम विचारत होत्या." साडेआठला चौघं टेबलाशी बसले. वाट्या भरल्या. आज अक्षताच्या वाटीत पाणी घातलं नाही. सुंदराबाई नेहमीसारख्या खाली बसून लसूण सोलत वाट बघत होत्या.

"हां, आज कसं वरणासारखं वरण आहे," टेबलावरून अक्षताचा आवाज आला. "तीन दिवस काय कढण होतं राव. मी रोज आणखी दोन वाट्या घेत होते तेव्हा कुठे पोट भरत होतं. आई, डाळ कमी टाकत होतात का?"

रोज दोन वाट्या आणखी. दर्शनानंच त्या वाढल्या होत्या आणि मोजल्याही नव्हत्या. ती सगळा वेळ पहिल्याच वाटीकडे बघत होती.

"मी कशाला कमी टाकू?" सुंदराबाईंचे हात थांबले. "मापानं टाकते मी. चाळीस वर्षं झाली, डाळ कमी टाकली म्हणून कुणी बोललं न्हाई मला."

"अहो आई, बोलत नाहीये, सहज विचारलं..."

"दर्शना, वरण आण गं," प्रितम म्हणाला.

पातेल्यात तळाला दोन-अडीच वाट्या उरलं होतं. दर्शनाच्या एका हातात पळी होती. दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता, आणि तो पातेल्यावर कललेला होता. पेला कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं. सुंदराबाई खालून तिच्याकडे बघत होत्या, दुखावलेल्या, लहान झालेल्या, मनगटं काडीसारखी. दर्शनानं पेला सरळ केला आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, शेवटच्या थेंबापर्यंत, उभ्या उभ्या. मग पातेलं घेऊन हॉलच्या दारात आली.

"आईंनी नाही. पाणी मी घातलं, अक्षता. तुझ्या वाटीत. तीन दिवस."

अक्षता हसायच्या बेतात होती. मग तिनं दर्शनाचा चेहरा बघितला. "का?"

"तुझी बाही उसवली म्हणून."

आकाश एकदा बायकोकडे, एकदा वहिनीकडे बघत होता. अक्षतानं नकळत डाव्या हातानं उजवा दंड धरला. तिच्या डोळ्यांत राग आला, तो दर्शनानं येऊ दिला. तो तिचा हक्काचा होता. "ताई, मला सांगायचं ना," शेवटी ती म्हणाली, आवाज चिरकत होता. "मला वाटायचं तुम्हाला आवडत नाही आमच्यात बसायला."

"अगं, काय चाललंय काय?" प्रितम म्हणाला. "आत भाकरी करपतेय, वास येतोय."

दर्शना आत गेली. गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी खाली घेतली. वरच्या फळीवरचे डबे काढायला ती ज्या स्टुलावर चढत असे ते ओट्याखालून ओढलं, आणि दुसरा हात सुंदराबाईंच्या काखेत घालून त्यांना उठवलं. त्या उठल्या, पण आधी गुडघ्यावर हात टेकून, एक अडखळ घेऊन. स्टूल आणि सासू दोन्ही घेऊन ती टेबलाशी आली. अक्षतानं खुर्ची सोडली, सुंदराबाईंना तिच्यावर बसवलं आणि स्वतः सोफा पुढे ओढून त्याच्या कडेवर बसली. दर्शना स्टुलावर बसली. ते टेबलाहून थोडं उंच होतं, त्यामुळे तिला सगळ्यांची ताटं वरून दिसत होती. तिनं पातेलं तळापासून ढवळलं, एक वाटी सुंदराबाईंना वाढली, एक स्वतःला. आबा दारातून आतल्या थंड होत जाणाऱ्या तव्याकडे बघत होते.

हे वाक्य तिनं बारा आठवडे न्हाणीघरात, बसमध्ये, प्रयोगशाळेच्या जिन्यात जुळवून बघितलं होतं. प्रत्येक वेळी त्यात एक "म्हणजे" असायचं, एक "चालेल ना?" असायचं. आता ते उच्चारताना तिला कळलं की ते किती लहान आहे.

"आजपासून मी पहिल्या पंगतीला जेवणार आहे," दर्शना म्हणाली. "भाकऱ्या गार असतील."